मीटर बदलण्याआधी तेलाचा माग काढा

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे १९९६ची मारुती ८०० आहे, कार्बुरेटरची. मी इचलकरंजीत राहते. शाळा अकरा किलोमीटरवर आहे आणि मी रोज गाडीनेच जाते. गेल्या उन्हाळ्यात स्पीडोमीटरचा काटा थरथरायला लागला आणि डॅशबोर्डच्या मागून कट-कट आवाज यायला लागला. पुढे काही दिवस तर मी सावकाश जात असतानाही काटा सत्तर दाखवायचा. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात तो एकदम शून्यावर पडला आणि किलोमीटरचे आकडेही ६१,८४७ वर थांबले. मेकॅनिकने कन्सोल काढून पाहिला आणि म्हणाला, "मीटरमध्ये तेल भरलंय, मीटर गेलं. भंगारातून दुसरं आणून बसवतो. त्यावर ३८,००० रनिंग आहे, म्हणजे विकताना फायदाच." आमचे मोठे दीर म्हणतात, इंजिन ठणठणीत आहे, मग मीटरचं एवढं काय घेऊन बसलीस. मला मात्र तो ३८,०००चा आकडा पटत नाही. जुनं मीटर दुरुस्त होईल का? मीटर बंद पडल्यापासून गाडी किती चालली हे कसं काढायचं? पेट्रोलचा हिशेब वहीत आहे : तेव्हापासून ११८ लिटर भरलं. त्याआधी ॲव्हरेज साडेपंधराचं होतं. पुढच्या पासिंगला मीटरवरून अडवतील का?
– एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर :

ताई, तुम्ही लक्षणं घडली त्याच क्रमाने लिहिलीत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. आधी थरथर, मग खोटा जास्तीचा वेग, मग काटा आणि आकडे दोन्ही एकाच वेळी बंद. आणि कन्सोल उघडल्यावर आत तेल. या चार गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर मीटर गेलं असंच वाटेल. एकापुढे एक ठेवल्या की वेगळंच दिसतं. तुमच्या मेकॅनिकने तेल पाहिलं हे चांगलं केलं. पण मीटरमध्ये तेलाचं काही काम नसतं आणि ते तिथे आपोआप तयारही होत नाही. ते खालून, गिअरबॉक्समधून, केबलच्या वाटेने चढलंय. ती वाट बंद केल्याशिवाय दुसरं मीटर बसवलं, तर त्याचीही हीच गत होणार.

तुमच्या गाडीचं मीटर कसं चालतं ते आधी सांगतो. ते कळलं की गॅरेजमध्ये कोणी काहीही सांगितलं तरी तुम्ही दोन प्रश्न विचारू शकाल.

गिअरबॉक्सच्या आत डिफरन्शियलबरोबर, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या भागाबरोबर, फिरणारं एक गिअर असतं आणि त्याला लागून एक छोटं पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक. या पिनियनला स्पीडोमीटर केबल जोडलेली असते. केबल म्हणजे बाहेर एक नळी आणि तिच्या आत पिळाची, लवचीक तार, दोन्ही टोकांना चौकोनी. चाकं फिरली की पिनियन फिरतं, त्याबरोबर तार फिरते, आणि तारेचं वरचं टोक मीटरच्या दांड्यात बसलेलं असतं म्हणून दांडाही फिरतो. बस, मीटरला बाहेरून एवढंच मिळतं : फिरणारी एक दांडी. पुढे त्याच दांड्यावर दोन वेगवेगळी कामं होतात.

पहिलं काम काट्याचं. दांड्याच्या टोकाला गोल चुंबक असतो आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी. दोन्ही एकमेकांना टेकत नाहीत. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे आपण शाळेतच शिकतो, पण चुंबक फिरता असला की त्या वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. घड्याळातल्यासारखी केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वेग वाढला की ओढ वाढते, वाटी थोडी अधिक वळते, आणि वाटीच्या दांडीवर बसवलेला काटा वेग दाखवतो. १९०२ साली जर्मनीत ऑटो शुल्झे यांनी या रचनेचं पेटंट घेतलं. तुमच्या १९९६च्या गाडीतही तीच रचना आहे. तुम्ही कोणता विषय शिकवता ते पत्रात नाही, पण विज्ञान शिकवत असाल तर हे मीटर दुरुस्त होण्याआधी एकदा वर्गात नेऊन दाखवाच.

दुसरं काम आकड्यांचं, आणि ते पूर्णपणे दातेरी चाकांवर चालतं. तिथे ओढही नाही आणि स्प्रिंगही नाही. दांड्याचे ठरावीक फेरे झाले की एक किलोमीटर पुढे सरकतो. जपानी प्रमाणाच्या मीटरमध्ये ६३७ फेऱ्यांचा एक किलोमीटर धरतात. म्हणजे तारेचे मिनिटाला ६३७ फेरे झाले तर काट्याने ताशी ६० दाखवायला हवेत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुमची लक्षणं या रचनेवर ठेवून पाहू.

काटा थरथरतो आणि कट-कट वाजतं, याचा अर्थ तार एकसारखी फिरत नाही. ती कुठेतरी अडते, पिळली जाते आणि झटक्याने सुटते. याला तीनच कारणं संभवतात. केबल कोरडी पडली, तिला कुठेतरी तीव्र बाक आला, किंवा वर मीटरचा दांडा जड झाला. तुमच्या बाबतीत केबल कोरडी असण्याचा प्रश्नच नाही, ती तेलात न्हाली आहे. मग काटा सत्तर का दाखवत होता? चुंबक आणि वाटी यांच्यात हवेची फट असायला हवी आणि तिथे तेल शिरलं. तेलाने वाटीला चुंबकाबरोबर चिकटवून ओढलं. रात्रभर उभ्या गाडीत तेल थंड आणि घट्ट असतं, तेव्हा ही ओढ आणखी वाढते. हे सकाळी जास्त व्हायचं का, आठवून पाहा. दुसरीकडे त्याच तेलात डॅशबोर्डमागची धूळ मिसळून दांड्याच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळकांड्यात, खळीसारखा चिकट थर बसला. दांडा जड झाला, थरथर सुरू झाली. शेवटी या साखळीतलं सगळ्यात कमकुवत जे होतं, म्हणजे ती पिळाची तार, ती तुटली. काटा आणि आकडे एकाच क्षणी थांबले याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. दोघांना मिळून एकच गोष्ट चालवते, ती केबल.

याच्या उलट असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. काटा नीट आणि फक्त आकडे थांबलेले असतील, तर केबलला हातही लावायचा नाही. दोष मीटरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या दातेरी चाकात असतो. ते चाक तडकतं किंवा आपल्या दांडीवर सैल होऊन नुसतं घसरतं. आकडे पळताहेत आणि काटा मेलेला किंवा खोटा, तर वाटी, स्प्रिंग किंवा काट्याची बैठक तपासायची. आणि ज्या नव्या गाड्यांमध्ये केबलच नाही, गिअरबॉक्सवरचा सेन्सर वायरमधून मीटरला संदेश देतो, तिथे यातलं काहीच लागू नाही. तिथे आधी सेन्सर, त्याचं सॉकेट आणि फ्यूज.

आता प्रत्यक्ष तपासणी. तुमच्या मेकॅनिककडून समोर उभं राहून करवून घ्या.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कारण कन्सोलमागे दिव्यांच्या वायरी असतात. मग कन्सोलचे स्क्रू काढून तो थोडा पुढे ओढायचा, हात मागे घालून केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची कडी दाबायची आणि केबल सोडवायची. ओढाताण करू देऊ नका. मागची वायरिंग नाजूक असते आणि दाबायच्या जागी ओढल्यामुळे कडी मोडलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. केबल सुटली की आतली तार बोटांनी वर खेचायची. अख्खी केबलभर लांब तार हातात आली तर तुटलेली नाही. अर्धवट आली, किंवा टोकाचा चौकोन झिजून गोल झालेला दिसला, तर निदान तिथेच झालं. मात्र खाली उरलेला तुकडा गिअरबॉक्सच्या बाजूने केबल सोडवून काढावाच लागतो. तो आत ठेवून नवी तार सरकवायचा उद्योग करू नये.

तार अखंड निघाली तर पिनियन तपासायचं. हँडब्रेक ओढा. या गाडीत तो मागच्या चाकांना लागतो, म्हणून मागच्या चाकांना विटा किंवा दगड लावा. पुढचं एक चाक जॅकने उचला, खाली घोडी ठेवा आणि गाडी न्यूट्रलमध्ये आणा. इंजिन बंदच राहू द्या. तार पुन्हा नळीत पूर्ण सरकवा. आता उचललेलं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा आणि वर तारेचं टोक फिरतं का ते पाहा. फिरलं, तर खालचं सगळं ठीक आहे. नाही फिरलं, तर पिनियनचे दाते गेलेत. चाक फिरवताना आणखी एक पाहून ठेवा : गाडी पुढे जाताना तार कोणत्या बाजूला फिरते. कागदावर बाण काढून ठेवा.

मग मीटर. तुटलेल्या तारेचा चौकोनी टोकाचा बोटभर तुकडा घ्या, मीटरच्या मागच्या भोकात घाला आणि बोटांनी फिरवा. चांगल्या मीटरचा दांडा लोण्यासारखा फिरतो आणि झटका दिला की काटा किंचित उडतो. तुमचा जड फिरेल अशी माझी खात्री आहे. हीच त्याची व्याधी, आणि ती साफसफाईने बरी होते. सफाईनंतर हाच तुकडा ड्रिल मशीनला लावून, बाण काढलेल्या दिशेने, अगदी सावकाश फिरवायचा. मिनिटाला ६३७ फेऱ्यांना काटा ६० च्या आसपास यायला हवा. वेग ठरवता येणारं ड्रिल नसेल तर हा प्रयोग नको, कारण साधं ड्रिल मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांनी पळतं आणि काटा शेवटच्या खुंटीवर आपटतो. दिशा उलटी झाली तर काटा शून्याच्या खुंटीवर दाबला जातो आणि आकडे मागे फिरायला लागतात. म्हणून तो बाण.

दुरुस्तीचा क्रम खालून वर. माझा सगळा आग्रह यासाठीच आहे, कारण बहुतेक ठिकाणी काम वरून सुरू होतं आणि वरच थांबतं.

गिअरबॉक्सवर जिथे केबल जोडली जाते तिथे पिनियनचं छोटं घर असतं. त्यात पिनियनच्या दांडीभोवती ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, आणि घराच्या बाहेरून ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, असते. ओ-रिंग गेली तर तेल गिअरबॉक्सच्या बाहेर ओघळतं आणि खाली डाग पडतो. सील गेलं तर मात्र बाहेर थेंबही दिसत नाही. तेल सरळ केबलच्या नळीत शिरतं, आणि तारेचा पीळ फिरत असल्यामुळे ते मळसूत्रावरून चढावं तसं वर चढत जातं. इतक्या उंचीवर तेल चढेल यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. तुमच्या मीटरमध्ये ते चढलेलं आहे. सील आणि ओ-रिंग दोन्ही एकदमच बदला. या दोन्ही वस्तू क्षुल्लक किमतीच्या आहेत आणि घर उघडलेलंच असतं. त्याच वेळी पिनियनचे दाते नखाने चाचपून पाहा. आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी नक्की तपासा. इतके महिने तेल वर जात होतं, म्हणजे खाली तेवढं कमी झालंय. मीटर बंद पडल्याने गाडी थांबत नाही. गिअरबॉक्स कोरडा पडला तर मात्र थांबते.

मग केबल. नवीच घ्या, तार आणि नळी दोन्ही. जुनी नळी आतून तेलकट आणि बहुधा घासलेली असेल. मारुती ८००ची केबल आजही जुन्या पार्ट्सच्या दुकानांत मिळते आणि काही शे रुपयांचं काम आहे. कार्बुरेटरच्या मॉडेलची सांगून घ्या आणि जुनी शेजारी ठेवून लांबी व दोन्ही टोकं जुळवा. बसवताना मोठी वळणं द्या. कुठेही वीतभर व्यासापेक्षा लहान गोल येता कामा नये. पत्र्याच्या भिंतीतून जाते तिथलं रबर जागेवर हवं, नाहीतर पत्र्याची कड नळी कापते आणि पावसाचं पाणी आत येतं.

ग्रीसबद्दल जरा थांबून सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. शिकाऊ असताना एका प्रीमियर पद्मिनीच्या केबलला मी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर ग्रीस चोपडलं. मनापासून, चांगलं काम करतोय असं समजून. थोड्याच दिवसांत गाडी परत आली. काटा शंभराच्या पुढे अडकलेला, आणि उघडलं तर वाटीत ग्रीस. ज्यांची गाडी होती त्यांना दुसरा खर्च पडला, त्याची रुखरुख मला अजून आहे. तेव्हापासून माझा नियम असा : पातळ ग्राफाइट ग्रीस, तेही बोटांवर घेऊन तारेवरून एकदा ओढलं तेवढंच, आणि फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला. मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडी. ग्रीस वर चढायला बघतंच, त्याला ती वीतभर जागा सोडावी.

शेवटी मीटर. हे काम तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला देऊ नका, मीटर दुरुस्त करणाऱ्यालाच द्या. दुचाक्यांची मीटरं करणारे कारागीर कोल्हापूरला सापडतील. त्यांना ही रचना ओळखीची असते, कारण केबलवर चालणाऱ्या मोटारसायकलींमध्येही तीच आहे. त्यांना सांगायचं एवढंच : तेल गेलंय, दांड्याचं बुश आणि वाटी साफ करा, बुशला शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब द्या, केसस्प्रिंगला हात लावू नका, काटा गरज नसेल तर उपटू नका. पेट्रोलने धुवायचं नाही. डायलवरची आणि आकड्यांच्या चकत्यांवरची शाई त्याने उतरते. गंज काढायचे जे स्प्रे मिळतात ते तर आत मारायचेच नाहीत, पुन्हा तेलच भरल्यासारखं होतं. आणि ठळकपणे सांगा : आकडे आहेत तसेच राहू द्या.

आता त्या आकड्यांविषयी.

३८,०००चं मीटर तुम्हाला पटलं नाही, हे तुमचं बरोबर आहे, आणि कोणी कितीही समजावलं तरी तुम्ही यातून माघार घेऊ नका. दिरांना सांगा की इंजिन ठणठणीत आहे ते राहावं म्हणूनच हा आकडा हवा. या गाडीत टायमिंग बेल्ट आहे आणि तो कधी बदलायचा हे किलोमीटरवर ठरतं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, ब्रेक शू, सगळ्यांचा हिशेब किलोमीटरवर चालतो. उद्या ३८,००० वाचून कोणी "अजून वेळ आहे" म्हटलं आणि बेल्ट रस्त्यात तुटला, तर गाडी जिथे असेल तिथे उभी. हे तुमच्याच बाबतीत. आणि गाडी विकलीत तर जो घेईल तो त्या खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून दर देणार आणि देखभालही त्यावरच करणार. खोटं रनिंग दाखवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, मग मीटर कोणी का बसवलं असेना. "सगळेच करतात" हे मी या धंद्यात हजारदा ऐकलंय. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं रबर आणि सीटची कड बघून आकड्यावर शंका घेतो, ती या "सगळेच करतात"मुळेच. ज्याची गाडी खरंच कमी चाललेली असते त्यालाही मग कोणी मानत नाही.

तुमचं मीटर खरोखरच दुरुस्त होण्यापलीकडे गेलं, वाटी घासून फाटली असं काही निघालं, तर दुसरं बसवायला हरकत नाही. फक्त बसवण्याआधी तोच कारागीर त्यावर तुमचा जुना आकडा लावून देऊ शकतो. ते जमलं नाही तर दोन्ही आकडे, जुन्याचा शेवटचा आणि नव्याचा पहिला, तारखेसह बिलावर लिहून घ्या आणि दाराच्या आतल्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा.

हरवलेल्या किलोमीटरांचा हिशेब तुमच्या वहीतच आहे, फक्त गुणाकार बाकी आहे. ११८ लिटर गुणिले १५.५, म्हणजे १,८२९ किलोमीटर. इथे तुम्हाला शंका येईल : काटा खोटं दाखवत होता, तर साडेपंधराचं ॲव्हरेज तरी खरं कशावरून? म्हणूनच मघाशी सांगितलं की आकडे दातेरी चाकांवर चालतात. तेलाने वाटी ओढली तरी आकड्यांचे फेरे तेवढेच राहतात. काटा सत्तर दाखवत होता तेव्हाही किलोमीटर खरेच पडत होते. दुसऱ्या बाजूने पडताळा घ्या. शाळा जाऊन-येऊन २२ किलोमीटर. हजेरीपटावरून दिवस मोजा. समजा ७६ भरले, तर ७६ गुणिले २२ म्हणजे १,६७२. उरलेले दीडशे-एक किलोमीटर बाजार, लग्न, दवाखाना यांत गेले असतील. दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले तर हिशेब पक्का. म्हणजे गाडी आज साधारण ६३,६७६ वर आहे. मीटरवर हे १,८२९ चढवायच्या भानगडीत पडू नका. मीटर ६१,८४७ वरूनच सुरू होऊ द्या आणि गॅरेजच्या बिलावर लिहून घ्या : "मीटर ६१,८४७ ला बंद होतं, त्या काळात अंदाजे १,८०० किमी, अमुक तारखेला दुरुस्त." हे बिल आरसी बुकाबरोबर ठेवा. एक जाता जाता : १९९६च्या गाडीवर ६१,८४७ कमी वाटतात. मीटर पाच आकडी असेल तर ते एक लाखानंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. गाडी तुम्ही पहिल्या हाताने घेतलेली नसेल तर जुन्या मालकांना एकदा विचारून बघा.

मीटर हातात येईपर्यंत वेग कसा कळणार? मोबाइलवर जीपीएसचा वेग दिसतो, तो चालेल, पण मोबाइल स्टँडवर लावा, हातात नको. शेजारी कोणी बसलेलं असेल तर किलोमीटरच्या दगडांवर वेळ मोजता येतो. एका दगडापासून पुढच्यापर्यंत ६० सेकंद लागले तर वेग ६०, ७२ लागले तर ५०, ९० लागले तर ४०. तीन हजार सहाशेला सेकंदांनी भागायचं. दुरुस्तीनंतरही हाच पडताळा घ्या. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दगड शाबूत असलेला सरळ पट्टा बघा, दहा किलोमीटर चालवा आणि आकडेही दहाच सरकले का ते पाहा. काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर घाबरू नका. मीटर कधीही कमी वेग दाखवू नये असं उत्पादक मुद्दाम पाहतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमात खरा वेग ६० असताना मीटरने ७० पर्यंत दाखवलेलं चालतं, ५९ दाखवलेलं चालत नाही. तुमचं कमी दाखवत असेल तर टायर बघा. या गाडीला १४५/७० आर १२ मापाचे टायर येतात. कोणी १४५/८० चे बसवले असतील तर चाक जवळपास पावणेसहा टक्क्यांनी मोठं होतं, आणि काटा ५० दाखवत असताना तुम्ही ५३ ने जात असता.

पासिंगचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरचाच आहे. चालकाला वेग दाखवणारं यंत्र गाडीत असायलाच हवं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासली जाते, तेव्हा मेलेला काटा घेऊन जाऊ नका. तारखेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा हे काम आत्ताच उरकून घ्या. वर लिहिलेलं सगळं, केबल मिळाली की, गॅरेजमधलं दोन-तीन तासांचं काम आहे. मीटरच्या कारागिराला लागतील ते दिवस वेगळे. तेवढे दिवस कन्सोलच्या मागे केबलचं मोकळं टोक लोंबकळत ठेवू नका, कापडात गुंडाळून बांधून ठेवा.

सगळं बसवून झाल्यावर आठ-दहा दिवस गाडी नेहमीसारखी शाळेला न्या. मग एकदा कन्सोलमागे हात घालून केबलचं वरचं टोक सोडवा आणि तार बोटांनी पुसून पाहा. कोरडी लागली तर पुन्हा बसवून टाका. ओलसर लागली आणि गिअर ऑइलचा तो उग्र वास आला, तर सील उलटं बसलंय किंवा पिनियनची दांडीच झिजली आहे. तेव्हा मीटर लगेच सोडवून बाजूला ठेवा, पिनियन त्याच्या घरासकट नवीन घ्या, आणि मला परत लिहा.